वाचक विचारतात: थंडीतली गाडी, धुकं आणि डेंटिंग-पेंटिंग

दिवाळी उलटली की या सदराकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. काही धुक्यातल्या रस्त्याचे, काही पत्रा-रंगाच्या कामाचे. दोन्हीकडे त्रास गारव्याचा आणि ओलीचा असतो, म्हणून या अंकात ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : संगमनेरहून पहाटे पाचला नाशिकला निघतो. सिन्नरच्या आसपास धुकं दाट असतं. सगळे चारही इंडिकेटर लावून चालवतात, म्हणून मीही लावतो. हे बरोबर आहे का? पिवळे फॉग लॅम्प बसवले तर जास्त लांबचं दिसेल का?

उत्तर : चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. ती खूण उभ्या गाडीची आहे. सगळ्यांनीच ती वापरली, तर रस्त्यात बंद पडलेला ट्रक आणि चाळीसच्या वेगाने चाललेली कार मागच्याला सारखीच दिसते. शिवाय तुम्हाला लेन बदलायची असेल तेव्हा तुमचा इंडिकेटर कुणाला कळणारच नाही.

धुक्यात डिपरवर चालवा. अप्पर लावला की प्रकाश समोरच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. नव्या गाड्यांत दिवसाचे दिवे आपोआप लागतात आणि डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे दिवे लागलेत असं वाटतं. पण बहुतेक गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात. धुक्यात मागून धडक बसायला एवढं पुरतं. हेडलाइटचा खटका स्वतः फिरवा आणि एकदा खाली उतरून मागे बघून या.

रंगाचं म्हणाल तर पिवळ्या-पांढऱ्याने फारसा फरक पडत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो दिव्याच्या जागेचा आणि झोताच्या आकाराचा. बंपरच्या खालच्या भागात बसवलेला, रुंद आणि चपटा झोत टाकणारा, किंचित खाली वाकवलेला दिवा रस्त्याची कड दाखवतो. बंपरच्या वर किंवा छतावर बसवलेला झगझगीत एलईडी बार धुक्यात नुसता त्रास देतो. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर शंभर मीटरच्या आतलंच दिसत असताना लावा आणि धुकं विरळ झालं की बंद करा. तो इतका प्रखर असतो की त्याच्याशेजारचा ब्रेक लाइट उठून दिसत नाही.

आता वेगाचं. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरा. दवाने ओलसर झालेल्या डांबरावर चाळीसच्या वेगाने थांबायला एकूण ३० मीटर लागतात, साठला ५० ते ५५ आणि ऐंशीला ८० ते ८५. किती मीटर दिसतंय याचा अंदाज धुक्यात कुणालाच येत नाही, म्हणून सेकंद मोजा. झाड, खांब किंवा पाटी धुक्यातून पहिल्यांदा दिसल्यापासून तिच्याजवळ पोचायला चार सेकंदांपेक्षा कमी लागले, तर वेग जास्त आहे. हे माप तिन्ही वेगांना लागू पडतं.

पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका. तो चुकला की तुम्हीही चुकता. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीचा आधार घ्या, पण तिच्यावरून चालवू नका, कारण बंद पडलेली वाहनं, सायकलवाले आणि दूध घालायला निघालेली माणसं त्याच कडेला असतात. चौफुलीवर गाणी बंद करून काच चार बोटं खाली घ्या, बरंच काही आधी ऐकू येतं. अगदीच दिसेनासं झालं तर पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात आत जाऊन थांबा, रस्त्याच्या कडेला नको. गाडी रस्त्यातच बंद पडली, तर चारही इंडिकेटर तेव्हा लावा, लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा (चौपदरी रस्त्यावर १०० मीटर) आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. बंद गाडीत बसून राहू नका.

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या ऊस वाहतुकीला आहेत. कारखान्याने रिफ्लेक्टर दिलेत, तरी दरवर्षी आमच्या भागात रात्री ट्रॉलीवर मागून गाड्या आदळतात. आणखी काय करावं? (शिरोळ तालुका)

उत्तर : तुम्ही ट्रॉलीवाले असून हे विचारलंत, याचं फार बरं वाटलं. गळीत हंगाम आणि धुकं एकाच वेळी येतं, आणि ट्रॉलीवरची धडक साध्या धडकेपेक्षा जास्त जीवघेणी असते. कारचा बंपर आणि त्यामागची पोलादी पट्टी धडक झेलण्यासाठी असते. ट्रॉलीचा साटा (माल भरायचा भाग) त्याहून वर असतो. बॉनेट साट्याखाली घुसतं, पुढचा सांगाडा धडक घेतच नाही आणि साटा थेट काचेवर, खांबांवर येतो. सांगाड्याला झटका उशिरा बसला तर एअरबॅगही उशिरा फुगते. म्हणून ट्रॉली लांबूनच दिसायला हवी, नंतरच्या उपायांवर भिस्त ठेवता येत नाही.

गोल रिफ्लेक्टरपेक्षा दोन इंची (५० मिलिमीटर) परावर्तक पट्टी कितीतरी चांगली. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. मागची पट्टी ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीभर लावा, म्हणजे मागच्याला रुंदी कळते. दोन कोपऱ्यांतले दोन ठिपके लांबून दोन मोटरसायकली वाटू शकतात. पट्टी निघून येते ती बहुधा पृष्ठभागामुळे. गंज तारेच्या ब्रशने काढा, थिनरच्या फडक्याने ग्रीस पुसा, पत्रा कोरडा आणि कोमट असताना दुपारी चिकटवा आणि कडा रबरी रोलरने दाबा. पहाटेच्या दंवात लावलेली पट्टी आठवड्यात सुटते. नंतर रोज खेप भरण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. चिखलाने माखलेली पट्टी असून नसल्यासारखी.

दिवेही हवेतच, कारण दुसऱ्या गाडीचा प्रकाश पडला तरच पट्टी चमकते. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून दोन्ही ट्रॉल्यांपर्यंत वायर न्या, जोडाच्या जागी मोकळा झोल ठेवा, नाहीतर वळणावर वायर तुटते. ऊस साट्याच्या बाहेर लोंबतो आणि दिवा झाकून टाकतो, म्हणून मागच्या मोळीच्या टोकाला हुकाने अडकवता येईल असा एक वेगळा लाल एलईडी दिवा ठेवा. लाल फडकं रात्री काळंच दिसतं.

ट्रॉली पंक्चर झाली तर दोन्ही ट्रॉल्या शक्य तितक्या डांबराखाली उतरवा. आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचला. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यात राहतात आणि पुढच्या दुचाकीवाल्याचा जीव जातो.

प्रश्न : महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत सकाळी काचेवर दव गोठतं. गरम पाणी ओतलं तर चालेल का? आणि निघाल्यावर काच आतून धुरकट होते, त्यावर उपाय काय?

उत्तर : गरम पाणी कधीच ओतू नका. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला काच शून्याच्या आसपास पोचलेली असते. तीवर उकळतं पाणी पडलं की एक भाग एकदम प्रसरण पावतो, बाकीचा आक्रसलेलाच राहतो. काचेला आधीच खडीचा टवका असेल तर तडा तिथून पळतो. साधं नळाचं पाणी आणि प्लास्टिकची पट्टी पुरते. वायपर मात्र गोठलेल्या काचेवर चालवू नका, रबराची कड फाटते. रात्री काचेवर जाड कापड टाकून वायपरखाली दाबलं तर सकाळचं काम निम्मं होतं.

आतला धुरकटपणा म्हणजे तुमच्या श्वासातली वाफ गार काचेवर बसलेली असते. हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या, तापमानाचा खटका गरमकडे, एसी चालू आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. थंडीत एसी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण एसीच्या गार जाळीवर हवेतलं पाणी जमून बाहेर पडतं आणि कोरडी झालेली हवा पुढे हीटरवर गरम होऊन काचेवर येते. दोन-तीन मिनिटांत काच साफ होते. हाताने पुसलेल्या काचेवर तेलकट थर राहतो आणि समोरच्या दिव्याने ती लखलखते. ओले पाय-पुसणे बाहेर वाळवा आणि महिन्यातून एकदा काच आतून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या सुती फडक्याने पुसा.

टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून दुरुस्त होतो. त्यात धूळ-पाणी जाण्याआधी त्यावर पारदर्शक टेप लावा आणि त्याच आठवड्यात काम करून घ्या.

प्रश्न : सकाळी गाडी उचलत नाही, दुपारी चालू होते. बॅटरी बदलू का? (नागपूर)

उत्तर : आधी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. स्टार्टर फिरताना ९.६च्या खाली घसरली तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ येत नसेल तर दोष अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र), बेल्ट किंवा जोडणीत आहे आणि नवी बॅटरीही उतरेल. टर्मिनलवरची पांढरी भुकटी कोमट पाणी आणि सोड्याने धुऊन, वायर घट्ट करून परत एकदा मोजा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

प्रश्न : डिसेंबरात मागचा दरवाजा आणि क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) रंगवून घेतलं. दोन महिन्यांत रंगाखाली बारीक फोड आले, एका जागी पुट्टीची कड वरून दिसते आणि चमकही बसली, म्हणजे मंद झाली. गॅरेजवाले म्हणतात, थंडीत असं होतंच. खरं आहे का? (निफाड)

उत्तर : निफाडची थंडी कडक, हे मान्य. पण थंडीत या कामाला जास्त वेळ आणि थोडी उष्णता लागते. ती दिली की काम उन्हाळ्याइतकंच टिकतं. तुमच्या तिन्ही तक्रारी तीन वेगळ्या चुकांकडे बोट दाखवतात.

फोड पाण्यामुळे येतात. पॉलिएस्टर पुट्टीत टाल्कची भुकटी असते आणि ती पाणी शोषते. पुट्टी पाणी मारून घासायची सवय अनेक ठिकाणी आहे. उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं, थंडीत आत राहतं. त्यावर प्रायमर बसला की ते कोंडलं जातं आणि पुढे उन्हात पत्रा तापला की वाफ होऊन रंग उचलते. पुट्टी कोरडीच घासायची, यात तडजोड नाही. पाणी आणखी दोन वाटांनी येतं. एक कॉम्प्रेसर: टाकीच्या तळाची तोटी रोज सोडली नाही आणि लाइनवर पाणी पकडणारा फिल्टर नसला, तर गनमधून रंगाबरोबर पाणीही उडतं. दुसरी वाट दवाची. हवा १२ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण साडेदहा अंशांना दव धरतं. पत्र्याचं तापमान दवाच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश वर असल्याशिवाय रंग मारू नये. म्हणजे इथे साडेतेरा अंश तरी हवं, आणि रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा सकाळी हवेपेक्षाही गार असतो. डोळ्यांना न दिसणारी ओल त्यावर असते.

पुट्टीची कड दिसते तेव्हा बहुधा पुट्टी जाड भरलेली असते, किंवा ती पूर्ण न वाळताच घासून प्रायमरही घाईने मारलेला असतो. नंतर थर आक्रसतात आणि खालची सीमारेषा वर उमटते. पत्रा आधी हातोडा-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) किंवा पुलरने इतका वर काढायचा, की घासून झाल्यावर पुट्टी २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उरू नये. खळगा पुट्टीने भरणं सोपं असतं, म्हणून ठोकण्याचं कसबी काम टाळलं जातं. हार्डनरचं (पुट्टी घट्ट करणाऱ्या रसायनाचं) प्रमाण १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅमच्या आसपास. गारठ्यात पुट्टी लवकर धरत नाही म्हणून कारागीर दुप्पट हार्डनर पिळतात. हार्डनरमधलं जास्तीचं पेरॉक्साइड तसंच राहतं आणि फिक्या रंगावर पिवळट डाग बनून वर येतं. प्रमाण तेच ठेवून पत्रा इन्फ्रारेड दिव्याने कोमट करणं हा योग्य मार्ग.

चमक बसण्याचं कारण क्लिअर कोटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात शोधा. हा रंग नुसता वाळत नाही, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन तो पक्का होतो. डब्यावरचे वेळ साधारण २० अंशांचे असतात. तापमान १० अंशांनी उतरलं की वेळ अंदाजे दुप्पट होतो आणि त्याहून गार झालं तर क्रिया जवळपास थांबते. बूथमध्ये पत्र्याचं तापमान ६० अंश ठेवून अर्धा तास भाजतात ते त्यासाठीच. बूथ नसेल तर रंग सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान मारावा आणि गाडी त्या रात्री उघड्यावर काढू नये. एक हात मारल्यावर तो मंद पडेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात ५-१० मिनिटं, थंडीत त्याच्या दुप्पट. न थांबता दुसरा हात मारला की आतलं थिनर अडकतं आणि आठवड्याभराने चमक बसते. हिवाळ्यात जलद प्रकारचा हार्डनर आणि जलद थिनर वापरतात. थिनर अंदाजाने ओतून रंग पातळ करणं हा उपाय नव्हे. क्लिअर आणि हार्डनर अनेक कंपन्यांत २:१ असतं, पण डब्यावर असेल तेच खरं, आणि मापाच्या पेल्यानेच घ्यायचं.

नीट केलेल्या कामाचा क्रम असा: उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, ती लाकडी ठोकळ्यावर ८०, १८०, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडी घासणे. त्यावर सरफेसर प्रायमरचे दोन-तीन हात, काळ्या गाइड कोटची (उंचसखल भाग दाखवणारी) धूळ टाकून ४०० ते ५०० नंबरने सपाट करणे, चिकट फडक्याने पुसणे, बेस कोटचे (मूळ रंगाचे) दोन-तीन हात आणि क्लिअरचे दोन. काही चांगले कारागीर पुट्टी आधी आणि एपॉक्सी नंतर घेतात, तेही चालतं, पण पत्रा रात्रभर उघडा ठेवलेला चालत नाही. ओलसर हवेत सकाळपर्यंत त्यावर गंज धरतो.

तुमच्या गाडीला पॉलिश मारून उपयोग नाही. फोड आलेली जागा पत्र्यापर्यंत उतरवूनच पुन्हा करावी लागेल. या वेळी गॅरेजकडे तीन फोटो मागा: उघडा पत्रा, घासलेली पुट्टी, घासलेला प्रायमर. दोन पॅनेलांना थंडीत चार-पाच दिवस मागितले तर खुशाल द्या. उद्या संध्याकाळी गाडी देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. नव्या रंगाला महिनाभर वॅक्स लावू नका.

प्रश्न : माझं छोटं पेंटिंग गॅरेज आहे. थंडीत शटर ओढून आत शेगडी पेटवतो आणि रंग मारतो, म्हणजे रंग लवकर धरतो. कामावरच्या मुलांना खोकला होतो. मास्क कोणता द्यावा? (मालेगाव)

उत्तर : शेगडी आजच बाहेर काढा. थिनरमधल्या टोल्यूईनची वाफ ४ अंशांवरही ठिणगीने पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरून सरकत निखाऱ्यापर्यंत पोचते. बंद शटरमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइडही साठतो आणि त्याला वास नसतो.

खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने दमा होतो. हा दमा ओळखायची खूण अशी, की खोकला किंवा छातीत घरघर संध्याकाळी-रात्री येते आणि सुटीच्या दिवशी कमी होते. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही झटका येतो, आणि त्या मुलाला गन सोडून पत्र्याचं किंवा जोडणीचं काम द्यावं लागतं. डॉक्टरांना तो काय फवारतो हे स्पष्ट सांगा, नाहीतर साधा खोकला समजून औषध मिळेल.

रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क यांतून वाफ सरळ आत जाते. खरा बचाव बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या हूडने होतो. तो घेईपर्यंत किमान चेहऱ्याला घट्ट बसणारा, सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही अडवणारी डबी असलेला मास्क द्या. दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. वास यायला लागला की डबी बदलू, असं करू नका. आयसोसायनेट नाकाला कळण्याआधीच घातक पातळीला पोचलेलं असतं. डबी पाकिटावर दिलेल्या तासांनी बदला आणि काम नसताना हवाबंद पिशवीत ठेवा.

उष्णतेसाठी इन्फ्रारेड दिवा वापरा, पत्र्यापासून ६० ते ८० सेंटिमीटरवर. फवारा चालू असताना तो बंद हवा. थिनर उडून गेल्यावरच लावा. हवा खेचणारा पंखा जमिनीलगत आणि ठिणगी न उडवणाऱ्या मोटरचा घ्या, आणि समोरच्या बाजूने जाळीतून हवा आत येऊ द्या. पावडरचा अग्निशामक दाराजवळ टांगा, रंगाच्या कपाटाजवळ नको.

प्रश्न : धुक्यात दुभाजकाला घासून बंपर, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) गेला. १८ हजारांचं बिल आहे. क्लेम घ्यावा का? गाडीला पाचवं वर्ष चालू आहे, नो क्लेम बोनस ३५ टक्के आहे. (कोल्हापूर)

उत्तर : पॉलिसीत झीरो डेप्रिसिएशन (भागांचा घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर हिशेब करूनच ठरवा. करांचा भाग सोडून एक उदाहरण घेऊ. प्लास्टिक बंपर ६,००० रुपये, त्यावर ५० टक्के घसारा, मिळतात ३,०००. फेंडर ४,०००, चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूवर ३५ टक्के, मिळतात २,६००. पेंटिंग ८,०००, त्यातला चौथा हिस्सा माल धरतात आणि मालावर निम्मा घसारा, म्हणजे मिळतात ७,०००. एकूण १२,६००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. हातात ११,६००.

आता बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. क्लेम न घेतल्यास पुढच्या वर्षी ४५ टक्के आणि नंतर ५० टक्के. घेतल्यास शून्य, मग २०, २५, ३५, ४५. स्वतःच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम ९,००० धरला, तर पाच वर्षांतला फरक १०,८०० रुपयांपर्यंत जातो. प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून काहीसा कमी. म्हणजे एवढ्या बिलाला क्लेम घेऊन फारसं काही हाती लागत नाही. हेडलाइट, रेडिएटर किंवा एअरबॅगपर्यंत नुकसान गेलं असेल तर मात्र क्लेम घ्याच. कंपनीला कळवून तपासणी होण्याआधी काही उघडू नका.

काम झाल्यावर हेडलाइटची दिशा तपासून घ्या. गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. डिपरच्या प्रकाशाची वरची सपाट रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली हवी. पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असलेल्या गाडीत त्यांचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळणी) बिलात आहे का तेही बघा.

प्रश्न : कॅनडातल्या मिसिसागात (ऑन्टारियो प्रांत) ही पहिलीच थंडी. ऑल सीझन टायर पुरतील का? आणि सगळे म्हणतात मिठाने गाडी सडते, त्यासाठी काय करू?

उत्तर : ७ अंशांच्या खाली ऑल सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं, बर्फ पडण्याची वाट बघायची गरज नसते. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असलेले टायर घ्या आणि चारही बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर वळणावर गाडीचा मागचा भाग फिरतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लागतात. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण विमा कंपनीला कळवलंत तर प्रीमियममध्ये सूट मिळते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण १ पीएसआय उतरते, म्हणून दर पंधरवड्याला गार टायरची हवा बघा.

गुळगुळीत बर्फावर चाळीसच्या वेगाने थांबायला जवळपास ८० मीटर लागतात, हा आकडा मनात धरून अंतर ठेवा. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. घसरलात तर एबीएसचा पेडल थरथरला तरी दाबूनच धरा आणि नजर जायचं तिकडे ठेवा. छतावरचा बर्फ पूर्ण काढा, नाहीतर ब्रेक लावताच तो काचेवर येतो. गाडी बर्फात रुतली असेल तर इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, नाहीतर धूर आत येतो.

मिठाचं पाणी पत्र्याच्या दुमडींत, दरवाजाच्या तळाशी आणि दारांखालच्या पोकळ पट्टीत साठतं. गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरून फोड दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्लेला असतो. तापमान शून्याच्या वर गेलेल्या दिवशी गाडीचा तळ धुऊन घ्या. खारवलेली गाडी रोज उबदार गॅरेजात ठेवली तर गंज उलट वेगाने चढतो, त्यामुळे धुणं जास्त महत्त्वाचं. दरवाजांच्या तळाची पाणी निघायची भोकं वर्षातून दोनदा तारेने मोकळी करा. शरद ऋतूत, मीठ पडायच्या आधी, तळाला आणि पोकळ भागांत गंजरोधक तेल फवारून घ्या आणि दरवर्षी ते पुन्हा करा. खडीचे टवके टच-अप रंगाने त्याच आठवड्यात भरा.

पोकळ पट्टी सडलीच आणि तुकडा वेल्ड करून घ्यायची वेळ आली, तर आतून मेण फवारणार का, हे गॅरेजला आधी विचारा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं मूळ संरक्षण जळून जातं. बाहेरून कितीही सुंदर रंग दिला तरी तो जोड दोन हिवाळ्यांत पुन्हा फुटतो. पुट्टी आणि फायबरने भोक बुजवून देणाऱ्याला तर काम देऊच नका, कारण बाजूने धडक बसली की तीच पट्टी तुम्हाला वाचवणार असते.